पारसिकचा कातळ ते बेलापूरची खाडी: अर्ध्या दिवसाची फेरी

माझा मावसभाऊ पालघर जिल्ह्यातल्या तलासरीचा. नोव्हेंबर २०१८ पासून त्यांच्याकडे छोट्या भूकंपांचं सत्र सुरू झालं. आधी जमिनीतून गुडगुड, मग मांडणीवरची भांडी. नवी मुंबईत, वाशीला आमच्याकडे आला तेव्हा म्हणाला, "ताई, असाच धक्का तुमच्याकडे बसला तर?" दुसऱ्या सकाळी त्याला बेलापूरला नेलं.

स्टेशनवरून रिक्षाने पारसिक हिल. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थराथरांनी दिसतो. मोबाइलवर कंपन दाखवणारं अ‍ॅप लावून फोन कातळावर ठेवला आणि भावाने दहा पावलांवर उडी मारली. रेघ जवळपास सरळच. मग किल्ले गावठाणाकडून खाडीकाठच्या बांधावर तेच केलं, तर रेघ चांगलीच थरथरली. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण फरक डोळ्यांना दिसतो.

टणक बेसॉल्टमधून, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या कातळातून, भूकंपाच्या आडव्या (जमीन बाजूला हलवणाऱ्या) लाटा सेकंदाला दीड-दोन किलोमीटरने जातात. खाडीच्या मऊ चिखलात तोच वेग शंभर-सव्वाशे मीटरवर येतो. समुद्राची लाट उथळ किनाऱ्याशी मंदावते आणि उंच होते, तसंच इथे हेलकावा वाढतो. शिवाय चिखलाच्या थराचा स्वतःचा झोका, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, असतो: जाडीची चौपट भागिले लाटेचा वेग. इमारतीचा झोका ढोबळ मानाने मजल्यामागे ०.१ सेकंद. दोन्ही जुळले की इमारत जास्त हलते. १९८५ साली मेक्सिको सिटीत जुन्या तळ्याच्या गाळावर हेच झालं, भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब असूनही. मोठ्या धक्क्यात चिखल स्वतः ढिला पडून थोडा जोर गिळतो. छोट्या धक्क्यात तीही सवलत नाही.

जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत, सकाळी सातच्या आत निघावं. भरती-ओहोटीची वेळ बघून ओहोटीलाच खाडीवर या आणि बांध सोडून खाजणात उतरू नका. चिखल मांडीपर्यंत ओढतो. सावली नाही, पाणी जवळ ठेवा. पावसाळ्यात कापलेल्या डोंगराखाली थांबू नका.

घरी आल्यावर सोसायटीकडे माती तपासणीचा अहवाल मागा. पायलिंग (इमारतीखाली खोल रोवलेले खांब) कातळापर्यंत गेलंय म्हणून निश्चिंत राहू नका, भोवतीचा चिखल हलला की पाइलवर ताण येतोच. आमचा अहवाल कपाटात सापडला: वर चिखल, कातळ १४ मीटरवर. म्हणजे झोका अर्ध्या सेकंदाच्या आसपास, आणि इमारत चार मजली, म्हणजे तिचा झोका ०.४ सेकंद: दोन्ही जवळजवळ जुळतात. येत्या रविवारी स्ट्रक्चरल ऑडिटसाठी सभा बोलावली आहे.