पावसाळी तुकडी: लंगड्या पिल्लांपासून पहिल्या अंड्यापर्यंत

जूनच्या पहिल्या आठवड्यात वनराजा जातीच्या कोंबडीची एक दिवसाची २० पिल्लं आणली. आमचं गाव मालवणाजवळ, त्यामुळे पिल्लं आली आणि पाऊस लागला. तीन आठवडे सगळी ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या खोक्याच्या) बल्बखालीच वाढली. लहान पिल्लांचं तयार स्टार्टर खाद्य महाग पडतं म्हणून मी त्यात निम्मा मक्याचा भरडा आणि कणी मिसळायचो.

चौथ्या आठवड्यात एक पिल्लू चार पावलं टाकून घोट्यांवर बसायला लागलं. दोन दिवसांत अशी पाच झाली. एकाची चोच बोटांनी दाबली तर रबरासारखी वाकली. हाडं कच्ची म्हणजे कॅल्शियम कमी, असं समजून मी शिंपल्यांची पूड खाद्यात भरपूर कालवली. पिल्लं आणखी बसली आणि दोन मेली.

मेलेलं पिल्लू घेऊन पशुवैद्यांकडे गेलो. डॉक्टरांनी नडगीचं हाड काढून माझ्या हातात दिलं, म्हणाले, "मोडून बघा." निरोगी हाड कट्कन मोडतं, हे ओल्या काडीसारखं नुसतं वाकलं. बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. मुडदूस.

वाढत्या पिल्लाच्या खाद्यात साधारण १ टक्का कॅल्शियम आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास पचणारा फॉस्फरस लागतो. धान्यातला बराचसा फॉस्फरस पक्ष्याला पचतच नाही. मी भरडा मिसळून फॉस्फरस आणि डी३ जीवनसत्त्व दोन्ही पातळ केलं होतं, वर पूड घालून कॅल्शियम वाढवलं. जास्तीचं कॅल्शियम उरलासुरला फॉस्फरसही आतड्यात अडकवतं. डी३ कमी असेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि उघड्या कातडीवर ऊन पडल्याशिवाय पक्ष्याचं अंग डी३ बनवत नाही. शेडला काच आहे, उजेड छान येतो, पण डी३ बनवणारे किरण काचेतून येत नाहीत.

भरडा बंद केला, पूडही बंद केली. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने डी३चं औषध पाण्यातून दिलं. सकाळी दोन-तीन तासांत संपेल एवढंच पाणी करायचं, उरलं तर ओतून टाकायचं. औषध घेताना बाटलीवर डी३ आहे ना ते वाचा, डी२ कोंबड्यांना फारसं उपयोगी पडत नाही. आणि माप वाढवू नका. जादा डी३ शरीरात साठतं आणि मूत्रपिंडं बिघडवतं. जुलैत उघडीप मिळाली की पिल्लं डालग्याखाली अंगणात ठेवायचो, तासभर का होईना.

दहा-बारा दिवसांत उरलेल्या तिघांपैकी दोन नीट चालायला लागली. तिसरीचा पाय वाकडा झाला तो झालाच. तिला ठेवली आहे.

आता पिल्लांच्या तलंगा (तरुण कोंबड्या) झाल्या. अंड्यावर येण्याआधी साधारण दोन आठवडे कोंबडी पायाच्या पोकळ हाडांत कॅल्शियमचा वेगळा साठा करते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं रात्रीच बनतं, पोट रिकामं असताना. खाद्यातलं संपलं की ती हाडातून काढते. म्हणून आता तिसऱ्यांच्या (कालवणात घालतो त्या शिंपल्यांच्या) शिंपल्या उकळून, वाळवून, खलबत्त्यात कुटतो आणि चाळतो. पीठ फेकतो, तूरडाळीएवढे तुकडे ठेवतो. ते पेट्यात (कलेजीबरोबर मिळतो तोच) रात्रभर हळूहळू विरघळतात. वेगळ्या परळात ठेवलेत, खाद्यात मिसळत नाही. ज्या अंडी देत नाहीत त्यांना एवढं कॅल्शियम बाधतं, आणि देणाऱ्या बरोबर आपापलं खातात. संध्याकाळी पाचनंतर परळाभोवती गर्दी असते.

पहिलं अंडं नोव्हेंबरच्या अखेरीस मिळालं. रात्री आडव्या बांबूवर बसल्या की एकेकीच्या छातीचं हाड बोटाने चाचपतो, अजून सगळ्यांची सरळ आहेत. वाकड्या पायाचीने काल तिसरं अंडं दिलं. निमुळत्या टोकाला कवच खरखरीत लागलं. तिचा परळ उद्यापासून खाली, तिच्या कोपऱ्यात ठेवणार आहे.