तिरंगा उतरवताना

आज स्वातंत्र्यदिनी सायंकाळी नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीत ध्वज उतरवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि सकाळच्या ध्वजारोहणापेक्षा मला तेच अधिक मोलाचे वाटले. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्या पट्ट्याखाली दुमडायचा, मग पांढऱ्या पट्ट्याची घडी अशी घालायची की अशोकचक्र वर दिसत राहील, आणि ती घडी दोन्ही तळहातांवर घेऊन जायची, ही पद्धत मी सोबतच्या मुलांना दाखवली. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला. सामान्य नागरिकाला तो वर्षभर सन्मानाने फडकवण्याची मोकळीक मात्र २००२ च्या ध्वजसंहितेने दिली, हे मुलांना नवीन होते.

ज्या नाशकात १९०९ साली क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी ब्रिटिश जिल्हाधिकारी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि पुढच्याच वर्षी ठाण्याच्या तुरुंगात कोवळ्या वयात फाशी पत्करली, त्या गावात ध्वज हाती घेताना (त्यांना तो कधी पाहायलाच मिळाला नाही) माझे हात आपोआप सावकाश चालतात.

उद्या सकाळी रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करण्यासाठी आम्ही काही जण निघणार आहोत. संहितेप्रमाणे ते खाजगीत, मानपूर्वक नष्ट करायचे असतात. कॉलेज रोड परिसरातील कोणाला यायचे असल्यास जरूर कळवावे.