पत्रादेवीच्या अलीकडे, पलीकडे

आज भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून बांद्याहून, पत्रादेवीची गोव्याची हद्द ओलांडून म्हापशाला गेलो. तो ही वाट रोज तोडतो, पावसातही. सकाळी सातला बांद्याच्या नाक्यावर बघावं, अशा कितीतरी मोटारसायकली गोव्याकडे निघालेल्या असतात.

तिथेच खोली का घेत नाहीस, विचारलं. म्हणाला, "मामा, थंय खोली घेतली तर अर्धो पगार भाड्यातच जातलो." सावंतवाडीत त्याला याच कामाचे बारा हजार देत होते, तिकडे अठरा मिळतात. पण तिकडच्या खोलीचं भाडं पर्यटकांच्या हिशोबाने ठरतं, म्हणून पगार गोव्याचा आणि झोप बांद्याची. पेट्रोलही तो पलीकडेच भरतो, स्वस्त पडतं.

रोजगार हमीचे 2025-26 चे दर बघा: गोव्यात दिवसाला 378 रुपये, महाराष्ट्रात 312. आणि हा 312 गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत एकच. बांद्याच्या बाजारात मासळी मात्र गोव्याच्या गिऱ्हाइकाच्या भावाने विकली जाते. इथल्या मजुराने बांगडा कुठल्या दराने घ्यायचा?

परतताना अंधार पडला होता. समोरच्या ट्रकच्या प्रकाशाने भाच्याचे डोळे दिपत होते. ताई रोज रात्री आठपासून दारात का उभी असते, ते आज कळलं.