सहा फुटांचे अंतर

इक्वाडोरमधल्या ग्वायाकिलच्या विमानतळावर गालापागोस बेटांवर जाणाऱ्या प्रवाशाला आधी तिकिटाबद्दल विचारत नाहीत. आधी त्याचे सामान उघडतात. माझ्या पिशवीत आईने बांधून दिलेली धण्यांची पुरचुंडी होती, कारण प्रवासात पोट बिघडले की धण्याचे पाणी प्यायचे, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. हातमोजे घातलेल्या तपासनीस बाईंनी ती पुरचुंडी सोडली, दोन दाणे बोटांत फिरवून पाहिले आणि सगळी बाजूच्या डब्यात टाकली. मी त्याला मसाला समजत होतो. त्यांच्या लेखी ते बी होते, आणि बी रुजू शकते. मला क्षणभर वाईट वाटले, पण पुढच्या आठ दिवसांत जे पाहिले त्यानंतर त्या बाईंचे आभार मानायला हवे होते, असे मनापासून वाटत राहिले.

इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे 1000 किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरात ज्वालामुखींतून वर आलेली ही बेटे कधीच कोणत्याही खंडाला जोडलेली नव्हती. जे प्राणी वाहत, उडत किंवा ओंडक्यावर बसून इथवर पोहोचले, ते इथलेच झाले, आणि जमिनीवरून शिकार करणारे मोठे श्वापद इथे नसल्यामुळे भीती बाळगण्याचे त्यांना कारणच उरले नाही. मग माणसे आली आणि त्यांच्याबरोबर शेळ्या, उंदीर, मांजरे, पेरू आणि ब्लॅकबेरीची झुडपेही आली. अलीकडच्या काळात एक परदेशी माशी आली आहे. तिच्या अळ्या घरट्यातील फिंच पक्ष्यांच्या पिलांचे रक्त पितात. अंतरानेच हे जग घडवले आणि अंतर मिटताच ते धोक्यात आले, हे एकदा लक्षात आले की विमान उतरण्यापूर्वी सामानाचे कप्पे उघडून केली जाणारी कीटकनाशकाची फवारणीसुद्धा नुसती औपचारिकता वाटत नाही.

ऑगस्ट महिना होता. या दिवसांत दक्षिणेकडून येणारा थंड हम्बोल्ट प्रवाह जोरात असतो, आकाश करडे राहते आणि सकाळी ज्याला इथे 'गारुआ' म्हणतात ती धुक्यासारखी बारीक भुरभुर पडत असते. सान क्रिस्तोबाल बेटावरील पुएर्तो बाकेरिसो मोरेनो या छोट्या गावात मी उतरलो होतो. पहिल्याच सकाळी किनाऱ्यावरच्या काळ्या खडकांवर सागरी इग्वानांची दाटी दिसली. पाण्याखाली जाऊन शेवाळ खाणारा सरडा जगात फक्त याच बेटांवर आहे. मी खाली बसून एका इग्वानाकडे पाहत होतो. त्याच्या डोक्यावर पांढरा थर साचला होता, चुन्याचा हात फिरवल्यासारखा. तेवढ्यात त्याने नाकपुड्यांतून फुर्र करून खारट पाण्याचा फवारा सोडला, त्यातले काही थेंब परत त्याच्याच डोक्यावर पडले, आणि तो थर कशाचा होता ते समजले. शेवाळाबरोबर पोटात गेलेले जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींतून तो असे बाहेर टाकतो. मग तो संथपणे माझ्याच दिशेने चालू लागला. राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे की कोणत्याही प्राण्यापासून दोन मीटर, म्हणजे साधारण सहा फूट, दूर राहायचे. तो जवळ आला तर आपण मागे सरायचे. मी मागे सरलो आणि तो माझ्या जागेवरून पुढे गेला.

ज्या उपसागरासमोर मी उभा होतो त्याच्या नावाचा अर्थच 'जहाजफुटीचा उपसागर' असा आहे. 2001 च्या जानेवारीत 'जेसिका' नावाचे तेलवाहू जहाज इथेच खडकावर चढले. वारा आणि प्रवाह अनुकूल असल्यामुळे बरेचसे तेल खुल्या समुद्राकडे गेले, आणि मोठा अनर्थ टळला असे तेव्हा सर्वांना वाटले. पश्चिमेकडच्या सांता फे बेटापर्यंत तेलाचे केवळ अंश पोहोचले होते. तरीही पुढच्या वर्षभरात त्या बेटावरचे सुमारे 60 टक्के सागरी इग्वाना मेले. शेवाळ पचवण्यासाठी त्यांच्या आतड्यांत असलेले जीवाणू त्या अल्पशा तेलाने मारले असावेत आणि पोट भरलेले असूनही प्राणी उपाशी राहिले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एल निन्योच्या वर्षांत शेवाळ कमी झाले की हाच प्राणी आपल्या शरीराची लांबी एक पंचमांशापर्यंत कमी करतो आणि दिवस बरे आले की पुन्हा वाढतो. उपासमारीवर इतका विलक्षण तोडगा शोधणारा जीव तेलाच्या एका पुसट थरापुढे हतबल झाला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तिसऱ्या दिवशी वेगवान होडीने दोन तासांत सांता क्रूझ बेटावरच्या पुएर्तो आयोराला गेलो. तिथला मासळीबाजार म्हणजे धक्क्यावरचा एक लांब ओटा. ओट्यामागे मासे कापणारी बाई, तिच्या कोपराशी मान टेकवून उभा असलेला समुद्रसिंह आणि मागे रांगेत पेलिकन. तिने न पाहताच डाव्या हाताने त्याचे डोके बाजूला सारले आणि उजव्या हातातली सुरी चालूच ठेवली. आपल्याकडे ससून डॉकवर मांजरांशी असे वागणाऱ्या कोळणी मी पाहिल्या आहेत.

हे साहचर्य मात्र सहज जुळलेले नाही. 1990 नंतर आशियाई बाजारासाठी समुद्रकाकडी या मऊ अंगाच्या सागरी प्राण्याची मागणी आली आणि मुख्य भूमीवरून माणसे भराभर इथे येऊ लागली. 1994 मध्ये साडेपाच लाखांची मर्यादा घालून प्रायोगिक हंगाम खुला केला, तर प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट समुद्रकाकड्या काढल्या गेल्या. हंगाम थांबवताच मासेमारांनी 1995 च्या जानेवारीत चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राला वेढा घातला. यातून जो धडा घेतला गेला तो 1998 च्या विशेष कायद्यात दिसतो: किनाऱ्यापासून 40 सागरी मैलांपर्यंत, सुमारे 1,33,000 चौरस किलोमीटरचे सागरी राखीव क्षेत्र झाले, त्यात औद्योगिक मासेमारीला पूर्ण बंदी आली, आणि मासे धरण्याचा हक्क फक्त बेटांवरच्या नोंदणीकृत छोट्या मासेमारांना राहिला. व्यवस्थापनाच्या चर्चेतही त्यांना स्थान मिळाले. पर्ससीनच्या जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षे दाद मागणाऱ्या कोकणातल्या पारंपरिक मच्छीमारांना या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. माझे मत स्पष्ट आहे: समुद्राचे रक्षण त्यावर पोट असणाऱ्यांना वगळून होत नाही.

गावाच्या टोकाला महाकाय कासवांचे संगोपन केंद्र आहे. एस्पान्योला बेटावर या कासवांच्या 12 माद्या आणि 2 नर एवढेच उरले होते. सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून 'डिएगो' नावाचा तिसरा नर आणला गेला, आणि या पंधरा जणांपासून झालेली सुमारे 2000 कासवे पुन्हा त्या बेटावर सोडली गेली. 2020 मध्ये त्या पंधरांनाही घरी पाठवण्यात आले. मी पाहिली ती पिले तळहातावर मावतील एवढी होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर रंगाने क्रमांक लिहिलेला होता. अंडे किती तापमानात उबते त्यावर पिलू नर की मादी हे ठरते. थोडे अधिक उष्ण असेल तर मादी. कोकणातल्या वेळासच्या वाळूत पुरलेल्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या अंड्यांचेही असेच असते. फागुनात पहाटे त्या कुंपणाशी उभे राहून टोपली उचलली जाण्याची वाट पाहिलेली असल्याने इथे मला परकेपणा जाणवला नाही.

पण कासव बेटावर सोडले की बेटावरच राहते. समुद्रातल्या प्राण्यांचे तसे नाही, आणि ते मला शेवटच्या दिवशी उमगले.

सान क्रिस्तोबालच्या जवळ 'लेओन दोर्मीदो', म्हणजे झोपलेला सिंह, या नावाचा सुमारे दीडशे मीटर उंच कातळ समुद्रातून सरळ वर आला आहे. तो दुभंगलेला असून मधल्या चिंचोळ्या फटीतून पोहत जाता येते. पाणी बोचरे थंड होते. पाण्यात तोंड घातले तेव्हा आधी फक्त निळसर काळोख दिसला, मग त्या काळोखात खूप खाली आकृत्या हलल्या: रुंद, आडव्या डोक्यांचे हॅमरहेड शार्क, एकामागोमाग सात. शेवटचा थोडा वर आला, कुशीवर कलला, आणि त्याचे पोट वरून येणाऱ्या उजेडात क्षणभर पांढरे चमकले. मी हातपाय हलवणे विसरलो होतो. या जातीची गणना आज अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते. 2017 च्या ऑगस्टमध्ये याच बेटाच्या पूर्वेला, राखीव क्षेत्राच्या आत, 'फू युआन यू लेंग 999' हे चिनी जहाज पकडले गेले तेव्हा त्याच्या शीतगृहात सुमारे 300 टन मासळी होती आणि तीत 6000 हून अधिक शार्क होते. खलाशांना तुरुंगवास झाला आणि गावकरी रस्त्यावर उतरले. तरी 2020 मध्ये अडीचशेहून अधिक परदेशी जहाजांचा ताफा इक्वाडोरच्या सागरी हद्दीबाहेर येऊन उभा राहिलाच.

परतताना होडीवाल्या काकांशी आमच्या वाटाड्याच्या मदतीने बोललो. तरुणपणी ते स्वतः समुद्रकाकड्या काढायला बुडी मारत; आता प्रवासी नेतात. त्यांनी सुकाणूजवळचा प्लास्टिकमध्ये घातलेला नकाशा काढला. छापील रेषा 40 मैलांची होती. तिच्या ईशान्येला, कोस्टारिकाच्या कोकोस बेटाच्या दिशेने, निळ्या पेनाने आखलेला आणखी एक पट्टा होता: 2022 च्या जानेवारीत जाहीर झालेले 'एर्मानदाद', म्हणजे बंधुभाव, हे 60,000 चौरस किलोमीटरचे नवे राखीव क्षेत्र. हॅमरहेड आणि देवमुशी (व्हेल शार्क) याच वाटेने गालापागोस आणि कोकोस यांच्यामध्ये ये-जा करतात. नकाशा जुना, म्हणून ती रेषा छापलेली नव्हती. ती त्यांनी स्वतः पट्टी धरून आखली होती. लाटांच्या हेलकाव्यात प्लास्टिकवर पाण्याचे थेंब उडाले. त्यांनी ते सदऱ्याच्या बाहीने पुसले, नकाशा घडी घालून जागेवर ठेवला आणि होडी धक्क्याकडे वळवली.