फॉन्डंटची वही: उपड्या पातेल्यापासून चौथ्या केकपर्यंत

चौथा केक काल संध्याकाळी फॉन्डंटने, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याची पोळीसारखी लाटलेली शीट पसरून, झाकून झाला. वरची कड एका बाजूला अजून किंचित सुरकुतलेली आहे, पण फाटलेली कुठेच नाही, आणि मला त्याचाच खरा आनंद आहे. पहिल्या केकपासूनची टिपणं समोर घेऊन बसले आहे. चाळताना एक गोष्ट ठळक दिसते: या महिन्याभरात माझं जे जे बिघडलं, त्याचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात होतं. कुठे ते उडून गेलं, कुठे नको तिथे जमलं.

पहिला केक मी व्हिप्ड क्रीमवरच झाकला होता. दीड तासात फॉन्डंट आतून ओला होऊन खाली सरकायला लागला आणि बुडाशी पाकासारखं चिकट पाणी साचलं. फॉन्डंट म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. साखर पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते, आणि क्रीममध्ये तर पाणी भरपूर. म्हणून फॉन्डंटच्या खाली स्निग्ध थर हवा, बटरक्रीमचा (लोणी आणि साखर फेटून केलेल्या) किंवा गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या घट्ट मिश्रणाचा). मी गनाशवर स्थिरावले आहे, कारण ते घट्ट बसतं आणि कड काटकोनात धरून ठेवतं. डार्क चॉकलेट असेल तर वजनाने २ भाग चॉकलेटला १ भाग क्रीम. व्हाइट चॉकलेट मऊच राहतं, त्याला ३ भागांना १ भाग. रात्रभर झाकून ठेवलं की सकाळी सुरीने लावण्याजोगं होतं.

दुसऱ्या केकआधी फॉन्डंट घरी करून पाहिला. १ किलो आयसिंग शुगर दोनदा चाळली. १ मोठा चमचा जिलेटिन ६० मिली थंड पाण्यात दहा मिनिटं फुगवलं, मग न उकळता गरम करून विरघळवलं. त्यात १२० मिली लिक्विड ग्लुकोज, १ मोठा चमचा ग्लिसरीन आणि २ मोठे चमचे पांढरं शॉर्टनिंग, म्हणजे बेकिंगसाठीचं वनस्पती तुपासारखं घट्ट स्निग्ध. हे मिश्रण आधी पाऊण किलो साखरेत ओतलं आणि उरलेली साखर मळताना हाताच्या अंदाजाने घातली. पुरी किलोभर लागतेच असं नाही. प्रत्येक जिन्नस कशासाठी आहे ते कळलं तेव्हा मळतानाचा हातच बदलला: जिलेटिनमुळे ताण येतो, ग्लुकोज साखरेचे पुन्हा खडे होऊ देत नाही, ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं. जिलेटिन प्राणिज असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी तयार फॉन्डंटची जिन्नसयादी वाचावी, बऱ्याच प्रकारांत त्याऐवजी वनस्पतिजन्य गोंद असतो.

मळल्याबरोबर लाटायची घाई मात्र नको. गोळ्याला शॉर्टनिंगचा हात लावून, क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून, हवाबंद डब्यात रात्रभर ठेवला तेव्हाच तो सलग ताणला गेला. फ्रिजबाहेरच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कडक वाटला तर मायक्रोवेव्हमध्ये ५ ते १० सेकंद, त्याहून जास्त नाही, आणि पुन्हा मळायचा.

सराव केकवर करू नका. मी एक पातेलं उपडं ठेवून, त्यावर शॉर्टनिंग चोळून, तेच फॉन्डंट अकरा वेळा झाकलं आणि काढलं. केक वाया जात नाही, म्हणून मन मोकळं राहतं आणि हाताला कडेचं वळण कळतं.

शीट किती मोठी लाटायची याचा हिशोब सोपा आहे: केकचा व्यास, अधिक दोन्ही बाजूंची उंची, अधिक ५ सेंटीमीटर. माझा केक १५ सेंटीमीटर व्यासाचा आणि १० उंच, म्हणजे १५ अधिक २० अधिक ५, असे ४० सेंटीमीटर. जाडी ३ ते ४ मिलिमीटर. एवढ्यासाठी मी ७०० ग्रॅमचा गोळा घेते. कापलेला भाग स्वच्छ असेल तर परत मळून ठेवता येतो, पण केकचे कण लागलेला नाही.

आता झाकण्याबद्दल, कारण सगळा जीव इथेच लागतो. गनाशवर पाण्याचा अगदी पुसट हात फिरवायचा, नुसता चिकटण्यापुरता. शीट लाटण्यावर गुंडाळून केकवर सोडायची आणि मधून बाहेर हात फिरवत वरची हवा काढायची. मग क्षणाचाही वेळ न घालवता वरची कड. लटकत्या घेराचं सगळं वजन या कडेवर येतं आणि शीट तिथेच ताणून फाटते. दुसऱ्या केकवर मी आधी बाजू दाबत बसले आणि मागे वळून पाहिलं तर कडेवर बोटभर भेग. कड सगळीकडून बसली की मग बाजू: एका हाताने घेर बाहेरच्या दिशेला हलकेच उचलायचा आणि दुसऱ्या तळहाताने वरून खाली येत चिकटवायचा. चुणी दिसली की ती दाबून टाकायची नाही, घेर उचलून उघडायची. एकदा दाबलेल्या चुणीची रेघ स्मूदरने (फॉन्डंट गुळगुळीत करायच्या सपाट पट्टीने) कितीही घासली तरी जात नाही. एका जागी तळापर्यंत उतरायचंही नाही. पूर्ण फेरी मारून दोन बोटं खाली, पुन्हा फेरी, पुन्हा दोन बोटं.

हे सगळं चार-पाच मिनिटांत व्हावं लागतं. त्याहून उशीर झाला की पृष्ठभाग वाळतो आणि कडेजवळ बारीक सुरकुत्यांचं जाळं पडतं, त्यालाच हत्तीची कातडी म्हणतात. लाटताना कॉर्नफ्लोअर जास्त झालं तरी तेच होतं. म्हणून आता ओट्यावर कॉर्नफ्लोअरची अगदी पातळ धूळ, आणि हाताला शॉर्टनिंग. पडलेलं जाळं थोडं असेल तर शॉर्टनिंगच्या बोटाने गोल गोल चोळल्यावर बरंचसं मिटतं.

तिसऱ्या केकने दोन धडे दिले. पहिला फुग्याचा. थर रचून लगेच झाकल्यामुळे केक आत बसला, हवा बाहेर ढकलली गेली आणि सकाळी बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला. बारीक सुई तिरकी खुपसून हवा काढली, पण शीट ताणलेलीच राहिली. आता थर रचलेला केक वर हलकी ताटली ठेवून रात्रभर बसू देते. दुसरा धडा फ्रिजचा. पांढऱ्या केकला गडद निळी पट्टी लावून मी तो फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर हवेतला ओलावा गार फॉन्डंटवर जमला, सगळा केक दवात भिजल्यासारखा चमकायला लागला आणि मी तो टिपायला गेले. निळा रंग बोटाबरोबर पांढऱ्यावर पसरला. अशा वेळी हात लावायचाच नसतो. पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात केक ठेवून तसाच खोलीच्या तापमानाला येऊ दिला, तर बराच ओलावा खोक्यावर जमतो. उरलेला पंख्याच्या हवेने तासाभरात वाळतो.

रंगाचं थोडक्यात. द्रवरूप रंगाने फॉन्डंट चिकट होतो, म्हणून जेल रंग, टूथपिकच्या टोकाने. लाल आणि काळा आदल्या दिवशी करून ठेवावा, कारण काही तासांत रंग चढतो आणि वाटतं त्यापेक्षा कमी जेलमध्ये काम भागतं. काळा तर मी आता चॉकलेट फॉन्डंटपासूनच सुरू करते.

सध्या फुलांकडे वळले आहे. नुसत्या फॉन्डंटच्या पाकळ्या लोळतात, त्यासाठी २५० ग्रॅमला १ चहाचा चमचा टायलोज पावडर (फॉन्डंट कडक वाळवणारी भुकटी) मळून गोळा काही तास गुंडाळून ठेवला. पाकळी जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत लाटते, काठ बोटाने आणखी पातळ करते आणि वळण यावं म्हणून चमच्यात वाळत घालते. काल रात्री पाच पाकळ्या पाच चमच्यांत ठेवल्या. हवा दमट आहे, त्यामुळे सकाळी त्या अजून वाकत होत्या. आत्ता दुपारी त्यातल्या तीन कडक झाल्या आहेत. उरलेल्या दोन जाड लाटल्या गेल्या असाव्यात, त्यांना उद्यापर्यंत तसंच राहू देते.