आयर्विन पुलावरची वाटमारी

आज सकाळी सांगलीत आयर्विन पुलावर गाडी लावून नुसता कठड्याला टेकलो होतो. खाली कृष्णेवर ब्राह्मणी घार, तीच ती पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची, मासा उचलून निघाली. तोवर मागनं साधी घार आलीच! एकदा वरनं झडप, मग बाजूनं. ब्राह्मणी घार कलली, पंजा सुटला. मासा पाण्यात पडायच्या आत दुसरीनं हवेतच पकडला आणि उडता उडताच पंजा चोचीपाशी नेऊन लचके तोडायला सुरुवातपण केली.

शेजारचे काका म्हणाले, "लई बेरकी हाय बघा!"

तशी ब्राह्मणी घारही काही गरीब गाय नाही, संधी मिळाली की तीही दुसऱ्याचा घास पळवते. तिकडं अमेरिकेत टकला गरुड मासे पकडणाऱ्या ऑस्प्रेला असाच लुटतो. बेंजामिन फ्रँकलिननं १७८४ मध्ये लेकीला लिहिलेल्या पत्रात त्याला चक्क वाईट चालीचा ठरवलं होतं. मला नाही पटत. मासा धरण्यात कष्ट आहेत, आणि ओझं घेऊन उडणाऱ्याला चपळाईनं वळता येत नाही. हिसकावणं परवडतं, एवढंच.

उद्या दुर्बीण घेऊन जातोय. कोण येतंय?