बोगद्यातले दिवे

१९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि प्रेमकथा लिहिणाऱ्यांची मोठीच सोय झाली. दिवाळी अंकासाठी मी लिहिलेल्या पहिल्या कथेतही नायक-नायिका रत्नागिरीला निघतात आणि गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरताच काळोखात तो तिचा हात हाती घेतो. कथा वाचून बहीण एवढेच म्हणाली, "अगं, बोगद्यात डब्यातले दिवे चालूच असतात."

दिव्यांची चूक किरकोळ होती. त्या दोघांमध्ये मुळात काहीच घडत नव्हते, म्हणून मी बोगदा आणला होता. पुढे तेही पुरेना, म्हणून गुहागरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त घडवला. लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचणाऱ्याला सुरूचे बन आणि मोकळी वाळू हवी असते, त्यात गैर काहीच नाही. मलाही ती लिहायला आवडते. पण आमचा सूर्य रोजच समुद्रात बुडतो, आणि भांडून आलेल्या जोडप्यांसमोरही तितक्याच थाटात बुडतो.

मागच्या मे महिन्यात धोपाव्याच्या धक्क्यावर असेच एक जोडपे दिसले. वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला जाणारी फेरीबोट त्यांच्या डोळ्यांदेखत सुटली होती. आता चिपळूणवरून वळसा घालायचा, नाहीतर उन्हात ताटकळायचे. वाटेत खरेदीसाठी ती थांबली म्हणून तो धुमसत होता. तिने पिशवीतून आंबापोळी काढली, कडेचा चिवट भाग तोडून स्वतःकडे ठेवला आणि मधला मऊ तुकडा त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, मात्र खाडीकडे पाहतच. फेरी परत धक्क्याला लागली तेव्हा त्याने बाटलीतले पाणी दुचाकीच्या तापलेल्या मागच्या सीटवर ओतले, रुमालाने ती पुसली, तळहात टेकवून पाहिला आणि मगच तिला मानेने खूण केली. अबोला अजून सुटलेला नव्हता. खाडी, माड, पलीकडचे दाभोळ, सगळे तिथेच होते. पण मी त्या ओल्या सीटकडेच पाहत राहिले.

संपादकांना प्रवासवर्णन कमी करायचे नाही, आणि मलाही नाही. नव्या खर्ड्यात बोगदा आहे, दिवेही चालू आहेत. त्याच्या डब्यातली शेवटची वडी ती मागून घेईल की न विचारताच उचलेल, एवढ्यावर मात्र मी चार दिवस अडून बसले आहे.